काकांचा हिरवा, भावाचा नारिंगी आणि डायनमोखालचा करडा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका बाईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा: आजोबांनी १९५१ साली मुंबईत घेतलेली शेवरोलेट गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. वडिलांच्या मागे ती यांच्या वाट्याला आली. बाईंनी पैसे साठवत साठवत ती कामाला काढली. बॉडीचं काम उरकलं, इंजिन उतरवलं, आणि आता रंगावर सगळं अडलं आहे. न्यू जर्सीतला धाकटा भाऊ म्हणतो, शेवरोलेटचं इंजिन नारिंगीच असतं. तो तिकडच्या प्रदर्शनांतल्या चकचकीत नारिंगी इंजिनांचे फोटो रोज पाठवतो, शिवाय ‘शेव्ही ऑरेंज’ लिहिलेले दोन डबेही त्याने घरपोच मागवून दिले आहेत. याच गाडीवर हात बसवलेले शहाऐंशी वर्षांचे काका म्हणतात, इंजिन हिरवं होतं, “रोज सकाळी रेडिएटरला पाणी मी घालत होतो, मला विचारा.” मेस्त्रीने डायनमोचा ब्रॅकेट काढला, तर खाली करडा रंग निघाला. मेस्त्रीचं म्हणणं, “ताई, तुम्ही सांगाल तो मारतो, पण उद्या सांगा.” बाईंचे प्रश्न: खरा रंग कोणता? चुकीचा मारला तर रॅलीत गुण जातील का, व्हिंटेज नोंदणी अडेल का? आणि करडा मारला तर काकांना खोटं पाडल्यासारखं होईल, त्याचं काय करायचं?

नमस्कार ताई,

आधी सोपं उत्तर देऊन टाकतो. नारिंगी नाही. तुमच्या भावाचे फोटो खोटे नाहीत, वर्ष चुकलं आहे. शेवरोलेटचा तो प्रसिद्ध नारिंगी १९५५ साली नव्या व्ही-८ (व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर) इंजिनाबरोबर आला आणि सत्तरच्या दशकापर्यंत टिकला. १९७७ पासून ती इंजिनं निळी झाली. तुमच्या गाडीत आहे ते त्याआधीचं, एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचं, २१६ घनइंची म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं इंजिन. अमेरिकेतल्या कारखान्यात ते करडं रंगवलं जाई. मात्र आज दुकानात सर्वांत सहज मिळतो तो नारिंगीचा डबा, त्यामुळे खुद्द अमेरिकेतही कितीतरी बिचारी सहा-सिलिंडर इंजिनं नारिंगीत बुडाली आहेत. भावाला सांगा, फोटोत टॅपेट कव्हरं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरची पत्र्याची झाकणं, मोज. डाव्या-उजव्या बाजूला एकेक अशी दोन असली तर ते व्ही-८. मधोमध एकच लांबलचक असेल, गाडी तुमच्याएवढी जुनी असेल आणि तरी इंजिन नारिंगी असेल, तर ते बहुतेक कुणीतरी हौसेने रंगवलेलं आहे.

मग करडा मारून मोकळं व्हायचं? इथे मी तुम्हाला थोडं थांबवतो. पत्रात तुम्ही लिहिलंय, “ब्रॅकेटखाली करडा निघाला म्हणजे कंपनीचा रंग करडाच.” ब्रॅकेटखालचा रंग एवढंच सांगतो, की ब्रॅकेट बसवायच्या आधी कुणीतरी तिथे रंग मारला. तो कारखान्यात मारला, की आजोबांच्या काळात एखाद्या ओव्हरहॉलच्या वेळी सगळं सुटं असताना एखाद्या गॅरेजवाल्याने हाताशी होता तो करडा फासला, हे तो डाग सांगत नाही. त्या करड्याच्या खाली काय आहे ते बघायला हवं. थेट बीड (ओतीव लोखंड) लागतं, की आणखी एक रंग?

त्याहून आधीचा प्रश्न, हे इंजिन तरी तेच आहे का? आपल्याकडे पन्नास-साठ वर्षं चाललेल्या अमेरिकन गाड्यांना सुटे भाग मिळेनात, म्हणून इंजिनं बदलली गेली. कुणी दुसऱ्या शेवरोलेटचं टाकलं, कुणी ट्रकचं, कुणी सरळ डिझेल. ब्लॉकच्या उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरपाशी एक सपाट जागा असते, तिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो. तो रॉकेलने पुसून आरसी बुकातल्या नंबराशी ताडून बघा. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही उठावाने असते. इंग्रजी ए ते एल ही अक्षरं म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ १’ असं दिसलं तर १४ मार्च १९५१. (१९४१ सुद्धा असू शकतं. एकाच आकड्याची गंमत आहे ती. म्हणून नंबर आणि तारीख दोन्ही बघायचे.) तारीख गाडीच्या थोडी आधीची निघाली तर जोडी जमते. १९५३ निघाली, तर तुमच्या आजोबांनी इंजिन बदललं होतं आणि ‘मूळ रंग’ हा सगळा वाद दुसऱ्याच गाडीच्या इंजिनावर चालला आहे.

हे मी एवढं रेटून सांगतोय कारण मी स्वतः हात पोळून घेतला आहे. वडिलांची फियाट ११०० कामाला काढली, तेव्हा इंजिन “स्वच्छ करून आणतो” म्हणून एका गॅरेजवाल्याने नेलं. चार दिवसांनी ब्लॉक परत आला तो कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून निघालेला, भांडं घासल्यासारखा लख्ख. त्यावर रंगाचा कणही उरला नव्हता. तो रंग काय होता, एकच होता की दोन, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी मी तर्काने एक रंग मारला. बॉनेट उघडलं की अजूनही माझी नजर आधी तिकडेच जाते. त्या माणसाचा दोष नाही. स्वच्छ करायला सांगितलं, त्याने केलं. आधी बघून घ्यायचं काम माझं होतं.

तर बघायचं कसं? हे काम तुम्ही स्वतः करा, मेस्त्रीला देऊ नका. त्याच्या हाताला घासायची सवय असते, तो एका दमात लोखंडापर्यंत पोचेल. ऊन कमी लागलेली, तेल कमी साचलेली, सहसा कुणाचा ब्रश न पोचणारी जागा निवडा. पाण्याच्या पंपाच्या मागे, मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्यांचा संच) झाकायचा तिथे, इंजिन माउंटिंगच्या पायापाशी, सेल्फ (स्टार्टर) बसतो त्या खोबणीत. रॉकेलने वरचं वंगण काढून घ्या. मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर करंगळीच्या टोकाएवढा दुमडून, पाण्यात बुडवून, एकाच जागी गोल गोल फिरवा. दाब द्यायचा नाही. मधोमध खड्डा खोल जाईल आणि कडेने उतार येईल. आठशेने, मग बाराशेने तो उतार गुळगुळीत करा आणि वर इंजिन ऑइलचा एक थेंब सोडा. थेंब पसरला की रंग उजळतात आणि कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं दिसतात. बाहेरचं वर्तुळ सर्वांत अलीकडचं, आतलं सर्वांत जुनं, मधोमध बीड. बीडाला टेकलेला रंग तुमच्या इंजिनाचा पहिला. अशा चार-पाच जागा करा. एकाच जागेवर विश्वास ठेवू नका. एखादा ब्रॅकेट दुसऱ्या गाडीचा असू शकतो, एखादं कव्हर बदललेलं असू शकतं. प्रत्येक जागेचा उन्हात फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.

एक सावधगिरी. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून कोरडं घासायचं नाही, गॅसच्या ज्योतीने जाळायचं नाही, आणि तो चिखल जमिनीवर धुवून टाकायचा नाही. चिंधीने पुसून पिशवीत बांधा. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, ती सुद्धा कोरडी खरवडू नका. नातवंडं बघायला जमणारच, त्यांना लांब बसवा.

आता काकांच्या हिरव्याकडे येऊ. पत्र वाचून मला वाटलं, की तुम्ही मनातून काकांना आधीच चूक ठरवून टाकलंय आणि आता फक्त ते हळुवारपणे कसं सांगायचं एवढंच विचारताय. मला तेवढी खात्री नाही.

पहिली शक्यता. करड्या रंगात जराशी निळी झाक असली आणि त्यावर गरम तेलाचा पिवळट थर वर्षानुवर्षं बसत गेला, तर डोळ्यांना दिसतं ते हिरवट. निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. इंजिन नवं असताना काका बारा-तेरा वर्षांचे. त्यांनी गाडीला हात लावला, पाणी घातलं, ती चालवायला घेतली ती नंतर. तोवर इंजिन पाच-सहा वर्षं तेल प्यायलेलं होतं. त्यांनी जे पाहिलं ते हिरवं असू शकतं आणि कारखान्यातून निघालेलं करडं असू शकतं. दोन्ही एकाच इंजिनाचे रंग. ही शंका तपासणंही सोपं आहे. झाकलेल्या जागेतला करडा आणि उघड्या जागेतला तेलकट करडा शेजारी शेजारी बघा.

दुसरी शक्यता मला जास्त आवडते. रेडिएटरला पाणी घालणारा मुलगा बॉनेटखाली वाकला की त्याला ब्लॉक दिसत नाही. त्याला दिसतं ते वरचं लांब टॅपेट कव्हर. डब्याच्या झाकणासारखं ते एकच पत्र्याचं कव्हर, तेही सतत निघणारं, कारण टॅपेट लावायला ते उघडावंच लागतं. ते एकदा कधीतरी हिरवं रंगवलं गेलं असेल, किंवा दुसऱ्या इंजिनावरून आलं असेल, तर काकांच्या दृष्टीने अख्खं इंजिन हिरवंच. तुम्ही पत्रात टॅपेट कव्हरबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. ते उलटं करा. आतल्या कडेला, गॅस्केट बसते त्या वळणात, रंगाचे ओघळ शिल्लक असतात.

काकांना “रंग कोणता होता” असं विचारू नका. ते तर त्यांनी सांगितलंच आहे, आणि पुन्हा विचारलं की माणूस आणखी ठाम होतो. त्यांना विचारा: इंजिन पहिल्यांदा कधी उघडलं? कुठे नेलं होतं? किती दिवस गाडी नव्हती? त्या वेळी घरात कुठला रंग चालला होता, दाराखिडक्यांचा, बैलगाडीचा, पंपाचा? आपल्याकडे इंजिनाला ओव्हरहॉलनंतर ‘एक हात’ मारायची पद्धत होती, आणि तो हात उरलेल्या डब्यातला असे. माझ्या ओळखीतल्या एका जीपच्या इंजिनावर देवघराच्या दाराचा रंग निघाला होता.

बरं, समजा तुम्हाला थर मिळाले. सर्वांत खाली करडा, कुठेतरी मध्ये हिरवा. मग ‘खरा’ कोणता? इथे तुमच्या प्रश्नातच एक गृहीत धरलेलं आहे, की गाडीचा एकच खरा दिवस असतो आणि तो ती कारखान्यातून बाहेर पडली तो. शोरूमच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण तुमच्या गाडीचा कारखाना तरी कोणता? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जोडणी सुरू केली, शिवडीला. पेट्यांमधून सुटे भाग बोटीने येत आणि इथले कामगार गाडी उभी करत. सरकारने इथेच भाग बनवायची अट पुढे रेटली, तेव्हा १९५४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. १९५१ साली मुंबईत नवी घेतलेली शेवरोलेट बहुधा त्याच शिवडीच्या हातांतून गेलेली. म्हणजे तुमच्या हातातली पुस्तकं अमेरिकेची आणि गाडी शिवडीची. पुस्तकात ‘करडा’ लिहिलंय ते दिशा दाखवायला चांगलं आहे. निकाल द्यायचा तो तुमच्या ब्लॉकवरच्या आतल्या वर्तुळाने.

माझं मत विचाराल तर असं करा. बीडाला टेकलेला थर करडा निघाला, तर ब्लॉक आणि हेड त्याच करड्यात रंगवा. सेल्फच्या मागची, वर्तुळं काढलेली एक जागा मात्र तशीच सोडा, वर नुसतं पारदर्शक लाखेचं बोट. पुढे कुणी विचारलं तर दाखवायला. टॅपेट कव्हरवर हिरवा सापडला, तर ते रंगवूच नका. धुवा, पुसा, आहे तसं बसवा. करड्या इंजिनावर काकांचं हिरवं कव्हर. परीक्षक भुवया उंचावतील, एखादा गुण कापतील. कापू दे. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिचा ट्युरिन चार्टर आहे, त्यातही जतन आधी आणि नव्याने घडवणं नंतर, असाच क्रम आहे. आणि पुढेमागे तुम्हाला कव्हरही करडंच हवं असं वाटलं, तर ते काढून, गुंडाळून ठेवून दुसरं बसवायला अर्धा तास लागतो. खरवडलेला रंग मात्र परत चढत नाही. कुठेच हिरवा नाही सापडला, तर तेलाच्या थराची गोष्ट काकांना सांगा आणि दोन ठिगळं शेजारी दाखवा. ते गाडीतले माणूस आहेत, त्यांना ती गंमत वाटेल.

नोंदणीचं भय मनातून काढून टाका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरली जाते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं (आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो), मुदत दहा वर्षं. गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच. यात इंजिनाच्या रंगाचा प्रश्न कुठेच येत नाही. इंजिन नंबराचा येतो. तो घासताना पुसट करू नका, आणि रंग मारताना त्यावर चिकटपट्टी लावायला मेस्त्रीला बजावा. रंगात बुजलेला नंबर बघून आरटीओतला साहेब काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

रॅलीत गुण रंगाच्या छटेवर कमी आणि थाटावर जास्त जातात असं मी पाहिलंय. कारखान्यात इंजिनावर रंग भराभर फवारला जाई. पातळ थर, मध्यम चमक, कुठे ओघळ, कुठे गॅस्केटच्या कडेवर शिंतोडे. आज आपण प्रायमर, लांबी, तीन हात आणि वरून काचेसारखा क्लिअर कोट देतो, आणि इंजिन लग्नातल्या भाड्याच्या फेट्यासारखं दिसतं. लांबी (पुट्टी) तर अजिबात भरू नका; ओतकामाचा खरखरीतपणा हाच त्या ब्लॉकचा चेहरा आहे. क्लिअर कोट नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर इंजिनाचा रंग नको, पहिल्याच फेरीत जळून पोपडे येतील. डायनमो, सेल्फ आणि एअर क्लीनर काळे.

छटेसाठी दुकानात जाऊन “करडा द्या” म्हणालात तर तो स्मोक ग्रे काढून देईल. तो आपल्याकडच्या प्रमाण रंगांतला आहे, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळीकडे तोच असतो, पण तुमच्या इंजिनाशी त्याचं नातं असायचं कारण नाही. झाकलेल्या जागेवरचा नाण्याएवढा स्वच्छ भाग मिळवा; निघणारा एखादा ब्रॅकेट असेल तर उत्तम. तो गाड्यांचा रंग जुळवून देणाऱ्या दुकानात न्या. शहरात आता यंत्राने छटा वाचतात, पण यंत्राला तेल आणि रंग यांतला फरक कळत नाही, म्हणून तेल साफ केलेलं हवं. आधी शंभर मिली बनवून घ्या, पत्र्याच्या तुकड्यावर मारा, वाळू द्या, आणि ब्रॅकेटशेजारी धरून भर दुपारी अंगणात बघा. ट्यूबलाइटखाली ठरवलेला करडा सकाळी निळा निघतो. अशा पायी एका पोराने दोन लिटर रंग फुकट घालवलेला मला माहीत आहे.

आणि हो, रंगाआधी बेअरिंग. त्या इंजिनात व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, ओतलेली बेअरिंगं असतात. ती बघितल्याशिवाय वरून रंग मारून ठेवलात, तर सहा महिन्यांत पुन्हा सगळं उघडावं लागेल.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे शेवरोलेट नसेल, पण गोष्ट तीच. युद्धकाळातल्या जीपचं इंजिन फोर्डने बांधलेल्या गाडीत बहुधा करडं आणि विलीजच्या गाडीत ऑलिव्ह हिरवं, आराखडा एकच असून. मॉरिस मायनर १००० चं हिरवं. त्याच घराण्यातल्या एमजीबीचं आधी मरून, पुढे काळं. ‘ब्रिटिश गाडी म्हणजे हिरवं इंजिन’ असं कुणी सांगितलं तर वर्ष विचारा, आणि मग घासून बघा.

भावाला रुसू देऊ नका. त्याला काम द्या. तिथे १९५१ च्या, कधीच न रंगवलेल्या गाड्या अजून आहेत. तशा गाडीच्या इंजिनाचे जवळून फोटो आणि त्या वर्षाचं कंपनीचं छापील साहित्य शोधायला सांगा. चकचकीत नको, मळकट फोटो हवेत म्हणावं. नारिंगीचे डबे परत जात नसतील तर इंजिन ज्या लोखंडी घोड्यावर ठेवलंय त्या घोड्याला मारा, छान दिसेल.

मेस्त्रीला ‘उद्या’चा वायदा देऊ नका, पुढच्या सोमवारचा द्या. मात्र एक फोन त्याला आजच करा, हे वाचून झाल्या झाल्या. टॅपेट कव्हर धुवायला कॉस्टिकमध्ये टाकलं असेल तर लगेच बाहेर काढायला सांगा. तिथे कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपही पडलेला असेल तर तोही काढू दे. त्यांचा धातू कॉस्टिक खाऊन टाकतं.